बेसिन किती उंचीवर लावायचं? आधी घरातल्यांचं कोपर मोजा

नेरूळला आमच्या सिडकोच्या बिल्डिंगमध्ये बेसिन बाथरूमच्या आत नाहीच, ते बाहेर पॅसेजमध्ये आहे, संडास आणि बाथरूमच्या दोन दारांच्या मधल्या भिंतीला. म्हणजे सकाळी दात घासायचे तिथेच, नवऱ्याची दाढी तिथेच, जेवण झालं की सगळे आचवायला पण तिथेच. दिवसातून घरातला प्रत्येक माणूस दहा-बारा वेळा तिथे वाकतो. आणि ते बेसिन होतं जमिनीपासून 29 इंचावर. बसवलं तेव्हा साडेतीस होतं म्हणे, पण मधे कधीतरी जुन्या लादीवरच मसाला टाकून नवीन लादी बसवली त्यात दीड इंच गेले, जमीन वर आली आणि बेसिन तिथेच राहिलं. हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात काय आलं तर सासूबाई तोंड धुताना डावा हात भिंतीला टेकवून एकाच हाताने पाणी घेतात, आणि नवरा, जो 5 फूट 11 इंच आहे, तो बेसिनसमोर दोन्ही पाय फाकवून उभा राहतो म्हणजे अंग खाली येईल. आम्हाला वाटायचं ही त्यांची सवय आहे. सवय नव्हती, बेसिन खाली होतं.

म्हणून गेल्या वर्षी पॅसेजचं काम काढलं तेव्हा मी ठरवलं की यावेळी उंची मी सांगणार. कारण प्लंबरला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "ताई, सगळीकडे बत्तीसच असतं". त्याचं चूक नाही, 31 ते 33 इंच हा चालून आलेला आकडा आहे आणि बऱ्याच घरांत तो निभावून जातो. पण तुमच्या घरात कोण राहतं हे त्याला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं.

तर मोजायचं कसं ते सांगते, पाच मिनिटांचं काम आहे. माणसाला सरळ उभं करा, बाथरूमची चप्पल घालून वावरत असतील तर चप्पल घालूनच. हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप धरा. त्यातून चार-पाच इंच वजा करा. जो आकडा येईल तो त्या माणसासाठी बेसिनच्या काठाची उंची. आमच्याकडे सासूबाई 5 फूट, त्यांचं कोपर साडेसदतीस इंचावर, म्हणजे काठ साधारण 33. मी 5 फूट 3, माझं साडेएकोणचाळीस, म्हणजे 35. नवऱ्याचं साडेचव्वेचाळीस, म्हणजे 40 च्या आसपास.

चार-पाच इंच का, तर हात धुताना आपले हात काठावर नसतात, काठाच्या आत खाली भांड्यात असतात. म्हणजे काठ 32 वर असेल तर हात खरं तर 28-29 वर काम करत असतात, आणि तिथपर्यंत पोचायला कंबर वाकते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या अलेक्झांडर किरा या आर्किटेक्चरच्या प्राध्यापकांनी बाथरूममध्ये माणूस नक्की कसा वावरतो याचा मोठा अभ्यास करून तो 1966 मध्ये छापला, त्यात त्यांची हीच तक्रार होती की बेसिनं गरजेपेक्षा खाली लावतात. पण म्हणून वरच्या वर नेत जायचं असंही नाही. तोंड धुताना हात वर चेहऱ्याकडे येतात आणि पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळतं. काठ खाली असेल तर आपण पुढे वाकतो, कोपर भांड्याच्या वर येतं आणि ते पाणी भांड्यातच पडतं. काठ जास्त वर असेल तर कोपर बाहेर राहतं आणि सगळं पाणी जमिनीवर नाहीतर पोटावर. चूळ टाकतानाही तेच, बुटक्या माणसाला मान उंच करून थुंकावं लागतं आणि मग नळ, आरसा, भिंत सगळीकडे शिंतोडे.

आता घरात 33, 35 आणि 40 असे तीन आकडे असतील तर काय, सरासरी काढायची का? मी नाही काढली, आणि तुम्हीही काढू नका. जो मोठा माणूस सगळ्यात बुटका आहे आणि ज्याला पाठीचा-मानेचा त्रास आहे त्याचा आकडा धरा आणि त्यात फार तर एक-दोन इंच वाढवा. उंच माणसाला दोन इंच जास्त वाकायला लागलं तर तो वाकू शकतो, बुटक्या माणसाला काठच उंच झाला तर त्याला काही करताच येत नाही, टाचा तर उंच करून रोज उभं राहता येत नाही ना. आम्ही 34 धरलं. घरात दोन बेसिनं असतील तर प्रश्नच नाही, एक 33-34 आणि एक 36, ज्याला जे सोयीचं ते त्याने वापरायचं. लहान मुलांसाठी मात्र बेसिन खाली घेऊ नका, मुलं चार-पाच वर्षांत वाढतात आणि बेसिन पंधरा-वीस वर्षं राहतं. त्यांना स्टूल द्या, खाली रबर असलेलं, घसरणार नाही असं.

आकडा कागदावर ठीक आहे पण त्यावर लगेच टाइल फोडू नका, आधी करून बघा. आम्ही काय केलं, पॅसेजमध्ये एक टेबल आणलं, त्यावर पेपरच्या रद्दीचे गठ्ठे रचले आणि वर पाच इंच खोल प्लास्टिकचा टब ठेवला, टबाचा काठ बरोबर 34 वर येईल इतकी रद्दी. मग एकेकाला तांब्याभर पाणी घेऊन खरोखर तोंड धुवायला लावलं, चूळ भरायला लावली. सासूबाईंनी दोनदा धुतलं, मग म्हणाल्या "अजून थोडं खाली कर गं". आम्ही चार-पाच पेपर काढले, म्हणजे जेमतेम अर्धा इंच, आणि त्या लगेच म्हणाल्या आता बरोबर. अर्धा इंच! तो माणसाला कळतो, मलाही खरं वाटलं नसतं. त्यांनी यावेळी भिंतीला हात टेकवला नव्हता, तेवढं मला पुरेसं होतं. तिथेच भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली, साडेतेहतीस.

ही रेघ मारताना एक गोष्ट पक्की करा की ती तयार लादीच्या वरून मोजलेली आहे. काम चालू असताना जमीन उखडलेली असते, प्लंबर उखडलेल्या जमिनीवरून 34 मोजतो, नंतर वर मसाला आणि लादी येते आणि तुमचं बेसिन 32 होऊन बसतं. त्यामुळे लादीवाल्याला आधी विचारा लादी कुठपर्यंत येणार, ती रेघ भिंतीवर मारून घ्या आणि सगळी मापं त्या रेघेवरून घ्यायला लावा. बाथरूमच्या आत बेसिन असेल तर तिथे जमिनीला उतार असतो, तेव्हा जिथे माणूस उभा राहणार तिथली लादी धरायची, कोपऱ्यातली नाही.

आता बेसिन कुठलं घ्यायचं. इथे बहुतेकांचं चुकतं ते टेबल टॉपमध्ये, म्हणजे दगडावर वाडगा ठेवल्यासारखं असतं ते. दिसायला छान असतं म्हणून सगळ्यांना हवं असतं. माझी बहीण घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहते, तिच्याकडे फर्निचरवाल्याने ग्रॅनाइटचा ओटा 32 इंचावर केला, कारण त्याच्या डोक्यात बेसिन म्हणजे 32. त्यावर सहा इंचाचा वाडगा बसला, काठ झाला 38. बहीण 5 फूट 1 इंच, तिचं कोपर साडेअडतीस. रोज सकाळी तोंड धुतलं की पाणी कोपरावरून गाऊनच्या बाहीत आणि तिथून खाली ड्रॉवरवर, सहा महिन्यांत ड्रॉवरच्या प्लायचे पदर सुटले. शेवटी दगडवाल्याला बोलावून तोच ग्रॅनाइट कापून त्याच्या खालून बेसिन लावलं, अंडर काउंटर म्हणतात ते, म्हणजे काठ आपोआप दगडाच्या उंचीवर, 32 वर आला. तिच्या हिशोबाने दीड इंच कमीच आहे पण ती म्हणते आता निदान बाही कोरडी राहते. दगड जागेवर कापताना घरभर जी धूळ झाली ती वेगळीच. तेव्हा टेबल टॉप घ्यायचंच असेल तर आधी बेसिन विकत घ्या, त्याची उंची मोजा, बहुतेक चार ते सहा इंच असते, आणि तुमच्या आकड्यातून ती वजा करून ओटा करायला सांगा. काठ 34 हवा आणि वाडगा साडेपाच इंच, तर दगडाचा वरचा पृष्ठभाग साडेअठ्ठावीसवर. ऐकायला फार खाली वाटतं, सुतार वाद घालेल, घालू द्या.

पूर्ण पायाचं म्हणजे फुल पेडेस्टलचं बेसिन घेतलं तर उंची कंपनीने ठरवलेली असते, साधारण 32-33 च्या आसपास, तुमच्या हातात काही नाही. त्याला वर घ्यायचं तर पायाखाली ग्रॅनाइटची पट्टी द्यावी लागते आणि ती नीट मापात कापली नाही तर मळ साठतो. खाली घेणं तर शक्यच नाही. म्हणून माझं मत साधं भिंतीला टांगायचं बेसिन, नाहीतर फार तर हाफ पेडेस्टल, जे फक्त खालचे पाइप झाकतं. हे दोन्ही हव्या त्या उंचीवर लागतात. घरात कोणी व्हीलचेअरवर असेल किंवा बसून तोंड धुवायला लागत असेल तर भिंतीला टांगायचंच घ्या, खाली काही नको, काठ 34 च्या वर जाऊ देऊ नका आणि गुडघ्यांसाठी खाली कमीत कमी 27 इंच मोकळे ठेवा, ट्रॅप, म्हणजे खालचा पाणी धरून वास अडवणारा भाग, भिंतीला चिकटून मागे असू दे.

साइजचं थोडक्यात सांगते. पॅसेज तीन फुटांचा असेल तर 22 बाय 16 घेऊ नका, जाणारा-येणारा अडकतो, 18 बाय 12 च्या आसपास बघा, समोर उभं राहायला दोन फूट तरी उरले पाहिजेत. पण रुंदीत वाचवा, खोलीत नाही, भांडं आतून पाच-सहा इंच खोल हवं. उथळ ताटलीसारखी बेसिनं आचवायला अजिबात कामाची नाहीत, पाणी सरळ अंगावर उडतं. दुकानात जाताना टेप घेऊन जा आणि बेसिनच्या आत हात घालून चेहरा धुतल्यासारखं करून बघा, दुकानदार बघत असला तरी. रंग पांढराच. ज्या सोसायट्यांमध्ये टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं तिथे काळ्या बेसिनवर पांढरे डाग पडतात आणि जाता जात नाहीत.

नळ बेसिनबरोबरच ठरवा, नंतर नाही. नळाची धार भांड्याच्या मध्ये, जाळीच्या आसपास पडली पाहिजे. नळाची चोच आखूड असेल तर धार मागच्या उतारावर पडते आणि हात मागच्या कडेला घासत धुवावे लागतात. काठापासून नळाचं तोंड चार ते सहा इंच वर ठीक, त्याहून उंच नेलं तर शिंतोडे. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर एक लक्षात ठेवा, टाकी तुमच्या डोक्यावर फक्त तीन-चार मीटर असते आणि दर मीटरला प्रेशर मिळतं 0.1 बार, म्हणजे तुमच्या वाट्याला 0.3-0.4 बार. त्यावर बारीक जाळीचे परदेशी थाटाचे नळ रडतात, तेव्हा कमी प्रेशरला चालेल असाच मागून घ्या.

आता फिटिंग. सगळ्यात महत्त्वाचं भिंतीतून येणारा वेस्ट पाइप, म्हणजे सांडपाण्याचा, कारण एकदा तो टाइलमागे गेला की उंची त्याच्याशी बांधली गेली. काठ 34 असेल तर वेस्टचं तोंड साधारण 20-21 इंचावर ठेवा. थोडं खाली असलं तरी चालतं, बॉटल ट्रॅपची वरची नळी लांब मिळते, जोड देता येतो. पण वर असलं तर संपलं, पाणी चढावर जात नाही. म्हणजे नंतर बेसिन वर घेणं सोपं आणि खाली घेणं अवघड, हे डोक्यात ठेवून वेस्ट थोडा खालीच काढायला सांगा. अँगल कॉक, म्हणजे बेसिनखालचं पाणी बंद करायचा छोटा नळ, 22 ते 24 वर, गरम-गार दोन्ही असतील तर दोघांत आठ इंच अंतर. तिथून वरच्या नळापर्यंत जाणारा कनेक्शन पाइप मोजून घ्या, 18 इंची ताणून बसवण्यापेक्षा 24 इंची थोडा सैल बरा, ताणलेला पाइप नटपाशी गळतो.

आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा वेस्ट पाइप भिंतीत जातच नाही, तो खाली सरळ नहाणी ट्रॅपवर, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपवर, सोडलेला असतो. तिथे वास अडवायचं काम नहाणी ट्रॅपमधलं पाणी करतं, त्यामुळे वेगळा बॉटल ट्रॅप लागत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर उंची बदलायला भिंत फोडायचीही गरज नाही, फक्त बेसिन वर सरकवा आणि पाइप लांब घ्या. आमचं काम त्यामुळेच एका दिवसात झालं.

पण भिंत कसली आहे ते आधी ठोकून बघा. सिडकोच्या जुन्या घरांत विटांची भिंत असते, तिच्यात रॅक बोल्ट, म्हणजे बेसिन टांगायचे लांब बोल्ट, छान बसतात, प्लास्टर भुसभुशीत झालं असेल तर मात्र आत विटेपर्यंत जायला लांब बोल्ट घ्या. नवीन टॉवरमध्ये दोन प्रकार. एक सिपोरेक्सच्या हलक्या विटा, त्यात साधा प्लग फिरतो आणि काही महिन्यांत बेसिन डुलायला लागतं, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात केमिकल भरून चिकटवलेला बोल्ट, लागतो नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन मागून पट्टी लावायची. दुसरा, अ‍ॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, बहिणीकडे तशा आहेत. त्यात बोल्ट एकदम घट्ट बसतो पण पाइप लपवायला ती भिंत खोदायची नाही, ती बिल्डिंगचा भार घेणारी भिंत आहे. तिथे वेस्टची जागा बिल्डरने जी दिली ती धरूनच बेसिन निवडा, किंवा पाइप बाहेरून घ्या आणि हाफ पेडेस्टलने झाका.

भोकं पाडताना टाइलवर टाइलचंच बिट, आणि ड्रिलचं हॅमर बंद. टाइल पार झाली की मग हॅमर सुरू करायचा. टाइलवर आधी चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही. भोकांची उंची पुस्तकातून घेऊ नका, तुमचं बेसिन उलटं करून त्याच्या काठापासून भोकापर्यंत मोजा आणि काठाच्या रेघेतून ते वजा करा, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. दोन भोकं एका लेव्हलमध्ये हवीत, लेव्हल पाइप नाहीतर स्पिरिट लेव्हल लावूनच. बोल्टच्या नटाखाली प्लास्टिकचा वायसर हवाच, आणि नट आळीपाळीने थोडा थोडा आवळायचा. चिनीमातीला जोर सहन होत नाही, आत्ता काही दिसत नाही पण बारीक चीर जाते आणि थंडीत गरम पाणी सोडलं की एक दिवस ती वाढते.

नळ बेसिन भिंतीला लावायच्या आधीच बसवून घ्या, नंतर खाली डोकं घालून नट फिरवायला जागा नसते. वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या जाळीपासून खालच्या पाइपला जोडणारा तुकडा, घेताना बघा बेसिनला वरच्या बाजूला जादा पाणी जायचं भोक आहे का. असेल तर हाफ थ्रेड, ज्याला मधे खाच असते, नसेल तर फुल थ्रेड. उलटं लागलं तर एकतर ते भोक बिनकामाचं होतं नाहीतर खालून टिपटिप सुरू होते. माप बहुतेक 32 मिलिमीटर.

वयस्कर माणसं बेसिनचा काठ धरून उठतात-वळतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि भिंतीला टांगलेलं बेसिन त्यासाठी नाही. ते निसटलं तर फुटलेली चिनीमाती सुरीसारखी कापते. म्हणून बाजूला एक स्टीलचा हँडल लावाच, बेसिनच्या काठाच्या उंचीवर किंवा थोडा वर, वेगळ्या बोल्टवर. आम्ही उजवीकडे लावला कारण सासूबाईंचा उजवा हात मजबूत आहे. आता त्या आधी हँडल धरतात, मग नळ सोडतात.

सगळं बसलं की भिंतीच्या आणि बेसिनच्या मधल्या फटीत बुरशी न धरणारं सिलिकॉन भरा, पांढरं सिमेंट काही दिवसांनी तडकतं. एक पूर्ण दिवस सुकू द्या, घरात कितीही घाई असली तरी. मग बेसिन काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि खाली सुका पेपर पसरून ठेवा, रात्रभर. सकाळी पेपरवर एक जरी ठिपका असला तरी प्लंबरला पैसे द्यायच्या आधी बोलवा, खालच्या मजल्यावरचे वर यायच्या आधी.

आरसा सगळ्यात शेवटी. आधी लावला तर तो बेसिनच्या हिशोबाने लागतो, माणसांच्या नाही. घरातला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात उंच दोघांना समोर उभं करा, दोघांच्या डोळ्यांची उंची भिंतीवर मार्क करा, आणि दोन्ही मार्क आरशाच्या आत आरामात येतील असा उभा आरसा घ्या. आमचा खालून 42 इंचावर सुरू होतो आणि 74 वर संपतो, आणि बेसिनच्या बाजूच्या टाइलवर साडेतेहतीसची पेन्सिलची रेघ अजून आहे, मी पुसली नाही, पुढच्या वेळी लादी बदलेल तेव्हा लागेल.